मासेमारीची वही: रिकाम्या हाताने आलात तरी लिहा

गळ टाकायला नुकतीच सुरुवात केलेली पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, रॉड कुठला घेऊ, रील कितीचं घेऊ, ब्रेड (म्हणजे विणलेली दोरी) किती पौंडाची चालेल. मी म्हणतो घ्या सगळं घ्या, पण त्याआधी वीस रुपयांची एक वही घ्या. बहुतेक जण हसतात आणि विषय बदलतात. मीपण हसलो असतो, कारण आमच्या घरात वही लिहून मासे पकडणारा कोणी नव्हताच. आमचे आबा, म्हणजे माझे चुलते, कुंडलिका खाडीवर जन्म काढला त्यांनी, कुठल्या तिथीला कुठल्या बांधावर उभं राहायचं ते डोक्यात. कधी एक ओळ लिहिली नाही.

पण आबा रोज खाडीवर होते हो. आपण पंधरा दिवसातून एकदा, रविवारी, तेही घरचं काम नसेल तर. रोज जाणाऱ्याचं डोकं चालतं, पंधरा दिवसांनी जाणाऱ्याचं डोकं फसवतं. आणि कसं फसवतं तर मासा लागला तो दिवस लख्ख आठवतो, आणि नाही लागला ते वीस दिवस पार पुसून जातात.

माझंच सांगतो. मला पहिला मोठा जिताडा लागला, साधारण चार किलोचा, तो ऐन भरतीला, पाणी बांधाला टेकलेलं असताना. झालं. तिथून पुढे चार वर्षं मी भरतीच्या दोन तास आधी जाऊन बसायचो आणि पाणी उतरायला लागलं की सामान आवरायचो. आबा म्हणायचे, "पानी फिरला का मंग गल टाक," पण आपल्याला वाटायचं म्हातारा सवयीने बोलतोय. मग वही सुरू केली. पहिल्या वर्षात ३१ ट्रिपा, त्यात जिताडे ९, आणि त्या ९ पैकी ७ पाणी फिरल्यावर लागलेले, सुकतीला. (सुकती म्हणजे ओहोटी, आमच्याकडे असंच म्हणतात.) आणि गंमत म्हणजे त्या ३१ ट्रिपांत मी सुकतीला थांबलो होतो फक्त १० वेळा, ते पण कधी चहा प्यायला म्हणून, कधी गाडी पंक्चर म्हणून. म्हणजे चार वर्षं मी मासे यायच्या वेळेला घरी निघत होतो.

तर वही कशी लिहायची ते आता सांगतो. मी खाडीवर, काठावरून, रॉडने मासे धरणारा माणूस आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. तुम्ही धरणावर जात असाल तर भरतीच्या जागी पाण्याची पातळी आणि विसर्ग धरा, बाकी तेच.

वही कुठली आणि लिहायचं कशाने

खिशात मावेल अशी, शिवलेली. स्पायरल नको, तार वाकते आणि पानं सुटतात. जाड पुठ्ठ्याची असली की मांडीवर ठेवून लिहिता येतं. लिहायचं पेन्सिलने. हे मी शिकलो ते नुकसान करून, जेल पेनने लिहिलेले दोन महिने एका पावसाच्या सरीत निळे डाग होऊन गेले. पेन्सिल ओल्या कागदावर पण उमटते आणि भिजली तरी पसरत नाही. वही झिपच्या प्लास्टिक पिशवीत, पेन्सिल दोऱ्याने वहीलाच बांधलेली, नाहीतर चिखलात गेली की गेली.

आता तुम्ही म्हणाल फोन आहे की. आहे. पण कोलबी सोलून, माशाचा चिकट हात घेऊन फोनला हात लावायची इच्छा होत नाही आणि लावला तर स्क्रीन ऐकत नाही. मी फोन एका कामासाठी वापरतो, स्वतःलाच व्हॉट्सॲप करायला. मासा लागला, हात फडक्याला पुसला, एक फोटो आणि दोन शब्द, "जिता, कोलबी". वेळ आपोआप पडते, तेवढंच पाहिजे असतं. बोलून व्हॉइस नोट टाकली तरी चालते, वारा असेल तर नंतर काही ऐकू येत नाही एवढंच.

म्हणजे काम दोन टप्प्यात. काठावर चिठ्ठीपुरतं, आणि घरी आल्यावर त्याच रात्री नीट वहीत. त्याच रात्री, हे महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून लिहायला गेलात की वारा कुठला होता ते आठवत नाही, मग आपण अंदाजाने लिहितो, आणि अंदाजाने लिहिलेलं पुढच्या वर्षी खरं वाटायला लागतं.

निघायच्या आदल्या रात्री

चार गोष्टी लिहायच्या. तारीख, तिथी, भरतीची वेळ, आणि चौथी गोष्ट जी कोणी लिहीत नाही, ती म्हणजे आपला अंदाज. उद्या कुठे काय लागेल असं वाटतंय आणि का. एक ओळ बास. "उधाण आहे, उघाडीला (खारबांधाच्या दाराशी) सुकतीला जिताडा लागावा, दुपारी ३ च्या आसपास." आल्यावर तो बरोबर आला की चुकला ते बघायचं. हे केल्याशिवाय आपण सगळेच रात्री घरी येऊन "मला वाटलंच होतं" म्हणणारे असतो.

तिथी का, तर पाणी तिथीवर चालतं. पौर्णिमा अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, प्रवाह जोरात. अष्टमीच्या आसपास भांगाची, पाणी जेमतेम हलतं. मुंबई अलिबागकडे उधाणाला चढउतार चार साडेचार मीटरच्या वर जातो, म्हणजे दीड मजल्याएवढं पाणी सहा तासात येतं आणि पुढच्या सहा तासात जातं. त्यामुळे एकाच जागी दोन वेगळ्या तिथींना उभं राहिलात तर त्या दोन वेगळ्या जागाच समजायच्या.

भरतीची वेळ ॲपवर मिळते, भारतीय सर्वेक्षण विभागाची तक्ता-पुस्तिकाही असते, पण जुना हिशोब पाठ असलेला बरा कारण खाजणात (खाडीकाठच्या दलदलीत) रेंज नसते. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या पुढेमागे. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना तोच हिशोब. अर्धा पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण घरातल्या कॅलेंडरवर तिथी बघून रविवार कसा आहे ते चहा पिता पिता कळतं.

दुसऱ्या दिवशी भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालच्या घड्याळावर आज जायचं नाही. आणि वाऱ्याचा, लाटांचा अंदाज आदल्या रात्री बघून ठेवा, हैदराबादची इन्कॉइस संस्था समुद्राचा अंदाज आणि उंच लाटांचा इशारा देते. इशारा असेल त्या दिवशी वहीत "गेलो नाही" एवढंच लिहा.

जागेवर पोचल्यावर

पोचलो की पहिलं काम रॉड जोडणं नाही, घड्याळ बघणं. पोचल्याची वेळ आणि पहिला गळ पाण्यात पडल्याची वेळ, दोन्ही. शेवटी गुंडाळल्याची वेळपण. कारण किती तास गळ पाण्यात होता हे कळल्याशिवाय "तीन मासे मिळाले" याला अर्थ नाही, दोन तासात तीन आणि नऊ तासात तीन यात फरक आहे ना.

मग पाणी. ॲप सांगतं ती वेळ बंदराची असते. तुम्ही खाडीत आत दहा पंधरा किलोमीटरवर उभे असाल तर भरती तिथे उशिरा पोचते, आणि किती उशिरा ते कुठल्याच ॲपला माहीत नाही, ते तुमच्या वहीलाच माहीत होणार. बघायचं कसं, तर पाण्यावरचा कचरा. पान, थर्माकोलचा तुकडा, फेस, काहीही. तो वर चाललाय, मग थांबतो, जागीच घुटमळतो, आणि उलटा चालायला लागतो. तो उलटला ती वेळ लिहायची. माझ्या जागेवर पाच सहा वेळा लिहिल्यावर कळलं की बंदराच्या वेळेनंतर साधारण पन्नास मिनिटांनी पाणी फिरतं, उधाणाला थोडं कमी, भांगाला थोडं जास्त. आता बंदराची वेळ बघितली की मी पन्नास मिनिटं मिळवतो आणि निवांत निघतो, घरचे पण खूष.

पाण्याची उंची लिहायला आपली आपली पट्टी करा. मी ज्या उघाडीवर बसतो (उघाडी म्हणजे खारबांधातलं दार, भातशेतातलं पाणी बाहेर सोडायचं, खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही यासाठी), तिच्या दगडी भिंतीत चिऱ्याचे थर आहेत. वरून मोजायचे. "चार चिरे उघडे" म्हणजे पाणी उतरायला लागलंय, "सहा चिरे उघडे" झाले की दारातून आतलं पाणी धो धो सुटतं आणि त्याबरोबर बारकी कोलबी, निवटी, बोईटाची पिल्लं वाहत बाहेर येतात. जिताडा नेमका तिथे तोंड लावून, प्रवाहाच्या कडेला गढूळ आणि संथ पाणी जिथे मिळतं त्या रेघेवर. आबा जे म्हणत होते ते हेच, फक्त त्यांनी कारण सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. माझ्या वहीत आता "साडेपाच चिरे" असले आकडे आहेत, दुसऱ्या कोणी वाचलं तर गवंड्याची वही वाटेल. पुलावर बसत असाल तर खांबावरची कालवांची रेघ धरा, जेट्टीवर पायऱ्या मोजा.

पाण्याचा रंग, आपल्या शब्दात. मी चारच शब्द वापरतो, निवळ, दुधी, गढूळ, चहा. चहा म्हणजे पहिल्या पावसानंतरचं. पाऊस असेल तर बोटाने चव बघतो, खारट की मचूळ की गोडं, ते पण लिहितो, कारण गोडं पाणी वर तरंगतं आणि मासे खाली किंवा बाहेर सरकतात. वाऱ्याला पण दोन तीनच शब्द, सकाळचा मतलई, दुपारचा खारा, आणि "पडला". उगाच ताशी किती किलोमीटर वगैरे लिहायला जाऊ नका, आपल्याकडे यंत्र नसतं आणि आपण ठोकून देतो.

मासा लागला की

वेळ, जात, लांबी, आमिष, आणि तो नेमका कुठे होता. जात म्हणजे आपल्याकडे जे नाव आहे ते. जिताडा तो जिताडा, गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात, एकच नाव धरून ठेवा नाहीतर वर्षाअखेरीस मोजताना एकाच माशाचे दोन खाने होतात. नाव माहीत नसेल तर फोटो काढा आणि "अनोळखी १" लिहा, बाजारातल्या कोळणीला दाखवा, ती एका नजरेत सांगते, वर तुम्ही तो परत सोडला म्हणून वेड्यात पण काढते.

लांबी मोजायला रॉडलाच खुणा करून ठेवा. मी मुठीपासून दर दहा सेंटिमीटरला लाल टेप मारलाय. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, माशाच्या बाजूने सरळ, पोटावरून वळवून नाही. पोटावरून टेप फिरवली की मासा दोन तीन सेंटिमीटर वाढतो, सगळ्यांचाच वाढतो. वजनकाटा नसेल तर घेर मोजा, पोट जिथे सगळ्यात जाड तिथे दोरा गुंडाळायचा. लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले २९,०००, सगळं सेंटिमीटरमध्ये, उत्तर साधारण किलोत येतं. ६० लांब आणि ३८ घेर म्हणजे तीन किलोच्या जरा आत. टोळ, वाम असल्या लांबोडक्या माशांना हे चालत नाही, पण जिताडा तांबोशीला बऱ्यापैकी बसतं.

बारके सोडून दिले ते पण लिहा, आणि किती लांबीचे ते लिहा. २०२३ मध्ये आपल्या राज्य सरकारने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली, पापलेटाला १३५ मिलिमीटर आहे, त्याखालचा धरायचा नाही. जिताड्याचं अजून एक, हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे, ज्यांच्याबरोबर फोटो काढायला आपण तडफडतो, त्या बहुतेक सगळ्या माद्या. माझ्या वहीत ८० सेंटिमीटरच्या वरचे दोन आहेत, पहिला खाल्ला, दुसरा सोडला. सोडला तेव्हा हे माहीत होतं.

खायला आणलात तर साफ करताना पोट फाडल्यावर दोन मिनिटं थांबा. आत काय आहे ते बघा आणि लिहा. घरात ओरड होते, "ओट्यावर काय चाललंय," पण माझ्या सगळ्या वहीत सगळ्यात उपयोगी रकाना हाच निघाला. मी कोलबी लावून बसायचो आणि डिसेंबरातल्या जिताड्यांच्या पोटात निघायची बोटाएवढी बोईटं. पुढच्या डिसेंबरात बोईट लावलं. रिकामं पोट असेल तर रिकामं लिहा.

आणि जे लागलं नाही ते. धक्का आला पण अडकला नाही, तंगूस (नायलॉनची दोरी) तुटली, केंडाने गळ कुरतडून नेला. केंड म्हणजे तो फुगणारा, दातवाला, खायचा नाही, विषारी असतो. एका जागी सलग तीन ट्रिपा गळ कापले गेले असं वहीत दिसलं की त्या जागी बारीक तंगूस घेऊन जायचं नाही हे समजतं. दगडात अडकलेल्या जागाही लिहा, सुकतीला दगड उघडे पडले की फोटो काढून ठेवा, भरतीला तो नकाशा कामाला येतो.

एक पान दाखवतो म्हणजे अंदाज येईल. हे असंच्या असं, फक्त जागेचं नाव माझंच ठेवलेलं आहे:

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार, कार्तिक वद्य द्वितीया. उधाण. जागा: मावशी. अंदाज: सुकतीला जिताडा, ३ वाजता. भरती ॲपवर पाऊण, पाणी फिरलं १:३५. पोचलो १२:२०, पहिला गळ १२:४०. पाणी गढूळ, वारा आधी पडलेला, दीडनंतर खारा. १:१० शिंगाळा, बारका, सोडला. २:५० जिताडा ४७, घेर २९, जिवंत कोलबी, पाच चिरे, दारापासून दोन वाव डावीकडे. ३:२० धक्का, सुटला, माझी चूक, ड्रॅग आवळला होता. ३:४५ नंतर काही नाही. गुंडाळलं ५:००. पोटात कोलबी ६, निवटी १. पलीकडे एक पागवाला आला होता ३:४५ ला.

एवढंच. (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, पाग म्हणजे फेकायचं जाळं.) लिहायला सात आठ मिनिटं लागतात. शेवटचं पागवाल्याचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं, कारण पाग पडला की त्यानंतर तासभर त्या जागी शांतता असते, आणि मला तीन वर्षांनी वाचताना "पावणेचारला मासे का थांबले" याचं भलतंच कारण सापडलं असतं.

काहीच लागलं नाही त्या दिवशी

इथे सगळे गळतात. थकून आलो, हात रिकामे, डास चावलेत, घरात कोणीतरी "मग बाजारातून आणू का" विचारलेलं, अशा वेळी वही उघडायचा कंटाळा येतो. आणि तेच पान सगळ्यात महाग असतं. फक्त मासे लागलेले दिवस लिहिलेत तर वही प्रत्येक तिथी चांगली म्हणेल, प्रत्येक आमिष चांगलं म्हणेल, कारण वाईट दिवस तिने बघितलेलेच नाहीत. मी स्वतः पैज लावून सांगायचो की अमावास्या लाभते. नंतर मोजलं तर अमावास्येच्या आसपास गेलो होतो १४ वेळा आणि अष्टमीच्या आसपास ३ वेळा. मासे जास्त अमावास्येला मिळाले कारण मीच जास्त वेळा तेव्हा गेलो, त्यात चंद्राचा काही हात नव्हता, निदान तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही.

म्हणून रिकाम्या दिवसाला सवलत द्या, तीन ओळी बास. तारीख तिथी, किती ते किती, पाणी कधी फिरलं, "शून्य". मी शून्याला गोल करतो, पानं चाळताना डोळ्यात भरतो. सुरुवातीला गोलच गोल दिसतील. माझ्या ३१ पैकी १७ गोल होते.

खर्चाचा रकाना काही जण ठेवतात. पेट्रोल, कोलबी, तुटलेले ल्यूर (नकली आमिषं). मी एक वर्ष ठेवला, एका जिताड्याला मला किती पडले ते काढलं, आणि रकाना बंद केला. बायकोला तो आकडा अजून माहीत नाही.

दुखापत मात्र लिहा. शिंगाळ्याचा काटा हातात गेला होता माझ्या, गळ काढताना, आणि हात कोपरापर्यंत ठणकत होता. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की तो ठणका उतरतो, अर्धा तास ते दीड तास, नीट तपासून, भाजेल इतकं नाही. काटा आत मोडला असेल किंवा सूज चढत असेल तर सरळ डॉक्टर, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ती तारीख मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलीय. त्याच पानावर कुठल्या जागी चिखल मांडीपर्यंत जातो आणि कुठल्या बांधावर भरतीला परतीची वाट बुडते ते. "मावशी"ला जाताना एक पाऊलवाट आहे ती उधाणाला पाण्याखाली जाते, पहिल्यांदा मला दोन तास बांधावर अडकून बसावं लागलं, फोनची बॅटरी संपलेली आणि डास हे एवढे. तेव्हापासून निघताना घरी कुठे चाललो आणि किती वाजता येणार ते सांगतो, आणि सांगितलं का त्याची टिक वहीत.

सीझन संपला की वाचायची कशी

मे महिन्याच्या शेवटी बसा, पहिल्या सरीच्या आधी. एक मोठा कागद घ्या, एक्सेल येत असेल तर एक्सेल, पण पहिल्या वर्षी कागदच बरा. घड्याळाची वेळ विसरा. प्रत्येक माशापुढे एकच आकडा काढा, पाणी फिरल्यापासून किती मिनिटं. आधी असेल तर वजा. वरच्या पानातला जिताडा १:३५ ला पाणी फिरलं आणि २:५० ला लागला, म्हणजे अधिक ७५. असे सगळे एका रेघेवर टिंबांनी मांडा. टिंबं एका जागी गोळा होतायत का बघा. आणि त्याखाली दुसरी रेघ काढा, गळ पाण्यात कधी कधी होता त्याची. पहिल्या रेघेत टिंबं आहेत आणि दुसऱ्या रेघेत तुम्ही तिथे क्वचितच होता, ती जागा शोधायची. मला माझी सुकती तिथे सापडली.

पण दहा पंधरा माशांवरून नियम काढू नका. नऊतले सात हे मला पण पुरेसं वाटलं नव्हतं, दुसऱ्या वर्षी मुद्दाम सुकतीला बसलो आणि भरतीला पण तेवढेच तास बसलो, मग खात्री पटली.

पावसाळा वेगळा धरा, बाकीच्या महिन्यांत मिसळू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, खाडीच्या तोंडाशी वर्दळ कमी, पाणी चहा, जिताडा अंडी घालायला तोंडाकडे उतरलेला, चिवणी मासे खाजणात चढलेले, सगळं गणितच वेगळं. ऑगस्टला बोटी परत सुटतात आणि चित्र बदलतं. त्या दोन महिन्यांचं पान मी उलट बाजूने, वहीच्या मागून लिहितो.

कोणाला दाखवायची

वही दाखवा, जागा दाखवू नका. आमच्याकडे एका उघाडीचा फोटो कोणीतरी टाकला, पाठीमागे देवळाचा कळस दिसत होता, पुढच्या रविवारी तिथे अकरा गाड्या. म्हणून "मावशी", "बँक", "आजारी वड" अशी नावं. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा, फोटो पाठवण्याआधी पाठीमागे काय दिसतंय ते बघा. जवळच्या एका दोघांना खरं सांगायला हरकत नाही, मीपण आबांच्याच जागेवर बसतो.

महिन्यातून एकदा वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा. माझी दुसरी वही सात महिन्यांची खाडीत गेली, पिशवीसकट, तरंगत तरंगत सुकतीबरोबर बाहेर, मी बांधावर उभा राहून बघतोय. कोलबीचा डबा पण तिच्याबरोबरच गेला.

आणि सुरुवात आजच करायची असेल, पुढच्या रविवारची वाट न बघता, तर मागच्या दोन तीन ट्रिपा आठवून लिहून काढा. फक्त पानाच्या कोपऱ्यात एक "आ" काढा, आठवणीतून लिहिलंय याची खूण. मे महिन्यात मोजायला बसाल तेव्हा "आ"ची पानं बाजूला काढायची आणि बाकीची मोजायची.